घरच्या घरी पिंपल क्रीमचा ब्रँड काढायचाय?

भाचीने परवा इन्स्टावरून ४९९ रुपयांचं पिंपल क्रीम मागवलं. काचेची बरणी, गळ्याला सुतळीची गाठ, आणि झाकण उघडलं तर वर तेल, खाली पाणी, कडेला काळे ठिपके. विकणाऱ्या ताईंना मेसेज केला तर उत्तर, "नॅचरल आहे ना डिअर, हलवून लावायचं." इतका सोपा धंदा तुम्ही अजून सुरू कसा नाही केलात?

नावात कुठेतरी 'वेद' घाला, अर्धं काम झालं.

बरणी पारदर्शकच हवी. ट्यूबचा फोटो चांगला येत नाही. उजेडाने क्रीममधलं रेटिनॉल (व्हिटॅमिन ए) खराब होतं तर होऊ दे, रील तर छान दिसेल.

प्रिझर्व्हेटिव्ह? छे! कोरफड, काकडी, गुलाबपाणी, एवढं सगळं पाणी घातल्यावर बुरशीनेही चार दिवस सुखाने राहावं की.

आता मेन आयटम, पिंपलवरचं खरं औषध, दोन टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. पावडर ऑनलाइन मिळते, कोरफडीच्या जेलमध्ये टाका आणि रवीने घुसळा. ती साध्या पाण्यात जेमतेम ०.२ टक्के विरघळते, म्हणजे बाकीचे खडे तळाशी, पण वरून दिसत नाही ना, मग झालं. कंपनीवाले येडे, आधी ती प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये नाहीतर अल्कोहोलमध्ये विरघळवतात, पीएच (आम्लतेचं माप) ३ ते ४ च्या आसपास ठेवतात, मग ४० डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून बघतात की क्रीम फुटतंय का, रंग बदलतोय का. तुम्ही सोमवारी घुसळा आणि बुधवारी कुरियर करा, तेही मे महिन्यात नागपूरला. खडे राहिले तर चिमूटभर खायचा सोडा टाका, लगेच विरघळतं, कारण त्याचं सोडियम सॅलिसिलेट झालेलं असतं आणि पिंपलला त्याचा फारसा उपयोग नसतो! आणि सोडा नाही टाकला तर वरचं क्रीम घेणारीला काहीच होत नाही, तळाचं घेणारीचा गाल सोलून निघतो.

काही महाभाग तर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन या पिंपलवरच्या दोन औषधांच्या ट्यूब एकाच डबीत कालवतात. पहिलं दुसऱ्याला खाऊन टाकतं हो, त्यात ऊन लागलं की अजूनच लवकर.

अहो, चेहरा आहे तो कोणाचातरी, कॉलेजच्या पोरी आहेत, आधीच आरशासमोर रडतायत. विकायला कॉस्मेटिक बनवायचं तर लायसन्स लागतं, एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) जा, काढा. तुमच्याकडे पीएचची पट्टी नाही, धड वजनकाटा नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी विचारली की हार्टचा इमोजी, आणि उद्या कोणाला इन्फेक्शन झालं की अकाउंटचं नाव बदलून मोकळे. लाज वाटू द्या जरा.