किलोमीटरपेक्षा चढ बघा

डोंगरातल्या सायकल सहलींवरच्या या लेखात मार्ग नुसते किलोमीटरमध्ये दिलेत. तिथल्या जंगलवाटांवर त्याला फारसा अर्थ नसतो. ६० किमीत १५०० मीटर चढ असेल तर अख्खा दिवस गेलाच म्हणून समजा.

आणि लेखात म्हटलंय तसे ३५ मिमी रुंदीचे टायर ‘पुरेसे’? नाही पटलं. लाकूड वाहणाऱ्या ट्रकांनी उखडलेल्या उतारावर ४५ मिमी, ट्यूबलेस आणि हवा जरा कमीच बरी. वळणावर बाहेरच्या कडेला सुटी खडी साचलेली असते. ब्रेक वळणाआधीच मारून घ्यायचा, वळणात दाबलात की पुढचं चाक सटकलंच. पानगळीत तर ओल्या पानांखाली मूळ आहे की दगड, पत्ताच लागत नाही.

नकाशा मात्र ऑफलाइन उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज कुठली मिळायला! बाकी फोटो झकास.