४८ व्होल्ट, एक ग्राइंडर आणि गणपतीचं मखर

गणपतीला महिना उरला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला: "थर्माकोल बंद, मखर घरीच बनवा! ४८ व्होल्टचा कॉर्डलेस किट आणि एक ग्राइंडर, बस्स. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावा, वेगळी करवत लागत नाही. वॅट जितके जास्त तितकं मशीन चांगलं. ब्रँडवर पैसे घालवू नका, आतून सगळं सारखंच. सर्वांना पाठवा."

थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेवढं खरं. आता बाकीचं.

आधी ग्राइंडर, कारण इतर चुकांत फार तर पैसे जातील. ४ इंची ग्राइंडर, म्हणजे धातू कापायचं-घासायचं हातातलं मशीन, मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. लाकडासाठी बनवलेला ७ इंची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) त्याच्या निम्म्यावर, ५,००० च्या आसपास. दातेरी ब्लेड लाकडात अडकलं की मशीन झटक्यात उसळतं, आणि ग्राइंडर धरायची पद्धतच अशी की ते अंगावर येतं. सॉच्या खालच्या गार्डला, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाला, स्प्रिंग असते, कापून झालं की तो ब्लेड आपोआप झाकतो. ग्राइंडरचा गार्ड अर्धाच, तोही ठिणग्या आणि फुटलेल्या चकतीचे तुकडे अडवायला. खोक्यातलं माहितीपत्रक आपण कोणीच वाचत नाही. त्यात दातेरी ब्लेड लावू नका असं बहुतेक कंपन्या स्पष्ट छापतात. "मिस्त्री तर मार्बल कटरने प्लाय कापतात" हे उत्तर ग्रुपवर लगेच आलं. कापतात की. त्यांचा वीस वर्षांचा हात बसलेला असतो, आणि तरीही कधी चहा देताना त्यांची बोटं मोजून बघा.

शिवाय मखराला लागते कमान. गोल फिरणाऱ्या ब्लेडने वळण कापता येत नाही, मग ते कितीही वेगाने फिरो. त्याला जिगसॉच हवा, म्हणजे बारीक पातं वर-खाली चालणारी विजेची करवत.

४८ व्होल्टची गंमत मी स्वतःच्या पैशाने बघितली आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक किट मागवला. पावसाळा संपेपर्यंत बॅटरीने मान टाकली. घणसोलीच्या एका रिपेअरवाल्याने पॅक उघडून टेबलावर ठेवला: आत पाच सेल. लिथियमचा एक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो. पाच एकापुढे एक जोडले की २१. खरे ४८ व्होल्ट हवे तर तेराएक सेल लागतील, आणि तो पॅक बराच मोठा होईल. "चार्जर बघा ना साहेब," तो म्हणाला. चार्जरवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, आउटपुट २१ व्होल्ट. म्हणजे खोटं फक्त खोक्यावर होतं. नावाजलेल्या मशीनवरचे १८ आणि '२० मॅक्स' हेही तेच पाच सेल, मोजायची वेळ वेगळी. तसंही घरात प्लग दोन हातांवर असताना पहिल्याच कामाला बॅटरीचे जास्तीचे पैसे कशाला? वायरचा साधा ड्रिल घ्या.

वॅटबद्दल फार लिहीत नाही. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, काम किती करतं ते नव्हे. १,४०० वॅटचा सॉ २३० व्होल्टवर ६ अँपिअर ओढतो, हॉलमधल्या छोट्या प्लगची मर्यादा तिथेच संपते. १२ मिमी प्लायला ५०० वॅटच्या आसपासचा जिगसॉ पुरून उरतो.

ब्रँडचा मुद्दा अर्धा पटतो. महिन्यातून एकदा चार भोकं पाडणाऱ्याला सर्वांत महागडा ड्रिल नकोच. पण घेण्याआधी दुकानदाराला एक विचारा: याचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे छोटे ठोकळे) मिळतात का? झिजलेले कार्बन बदलले की मशीन पुन्हा चालू. न मिळणाऱ्या मॉडेलचं मात्र भंगार होतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेलात तर हा प्रश्न चार दुकानांत विचारून बघा, उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

मेसेजने जे सांगितलंच नाही ते असं. ८ बाय ४ चा प्लाय आमच्या लिफ्टमध्ये मावतच नाही. त्यामुळे सरळ काप प्लायवाल्याकडेच मारून घ्यायचे. काही जण थोडे पैसे घेऊन मापात कापून देतात, आणि ती धार घरी काढलेल्या धारेपेक्षा सरळ असते. घरी उरतं काय? कमान, भोकं, जोडणी. जिगसॉचे दात वर ओढतात, म्हणून वरची बाजू उचकटते. चांगली बाजू खाली ठेवा, रेघेवर मास्किंग टेप लावा. प्लायच्या कडेत स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर थर सुटतात. आणि वाचलेल्या पैशांत काटकोन तपासायचा एक गुण्या आणि लाकूड घट्ट धरणारे चार सी-क्लॅम्प घ्या. माझं पहिलं मखर गुण्याशिवाय केलं होतं. बाप्पा सरळ बसले, मागची फळी मात्र खिडकीकडे कललेली. आईने तिथे झेंडूची माळ जाड लावली.

ग्रुपवर एवढं टाकलं तर एका काकांनी विचारलं, "मग तुझा जिगसॉ देतोस का?" देतो. ब्लेड आपापलं आणा, आणि दुपारी दोन ते चार चालवू नका, खालच्या मजल्यावरच्या काकू झोपलेल्या असतात.