बॅक्टेरियाला सरळ जाणंच तर जमत नाही!
एका लेखात म्हटलंय की बॅक्टेरियाला साखरेचा वास लागतो आणि तो सरळ तिकडे जातो. वास ठीक आहे, पण सरळ कुठलं हो! ई. कोलाय हा आतड्यातला बॅक्टेरिया जेमतेम २ मायक्रॉन (मिलिमीटरचा पाचशेवा भाग) लांब, एवढ्याशा अंगात पुढे साखर जास्त की मागे हे कळणार कसं? म्हणून तो काय करतो तर साधारण सेकंदभर पोहतो, मग शेपट्या उलट्या फिरल्या की जागच्या जागी गटांगळी खातो आणि तोंड जाईल त्या दिशेला परत सुटतो. फक्त आत्ताची साखर काही सेकंदांपूर्वीपेक्षा जास्त लागली तर पुढची गटांगळी लांबणीवर टाकतो, बस्स. म्हणजे मेंदू नाही पण आठवण आहे, तीही रिसेप्टरवर, म्हणजे साखर ओळखणाऱ्या प्रथिनावर, मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटवून ठेवलेली, मला तर हे वाचूनच गरगरलं होतं.
आणि भुकेचाही तसा संबंध नाही बरं का. जीवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस ॲडलर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की गॅलॅक्टोज ही साखर पचवता न येणारे म्युटंटसुद्धा (जनुकात बदल झालेले बॅक्टेरिया) गॅलॅक्टोजकडेच धावतात, पोटात काही जाणार नाही तरी चव लागली की निघाले!