रोख मजुरी आणि बिनकागदी मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

बांधकामावर काम करणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच काळ मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मजुरी रोख घ्यावी, नाव कुठेही नोंदवू देऊ नये, कपात नसल्यामुळे हातात जास्त पडते, इजा झाली तर ठेकेदार खर्च करतोच, हा धंदा शब्दावर चालतो, आणि कुठे चौकशी झालीच तर ती ठेकेदाराच्या मागे लागते. मी काही वर्षे एका ठेकेदाराकडे हिशेब लिहीत असे. त्या अनुभवामुळे हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. रोख मजुरी देण्याघेण्यात मुळात काही गैर नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मजुरी संरक्षणाविषयीचा 1949 चा करार चलनी पैशातली मजुरी मान्यच करतो. पण त्याच करारात मजुरी देताना तिचा तपशील कामगाराला कळावा आणि तिची नोंद ठेवली जावी, अशीही अपेक्षा आहे. फिरणारा मजकूर रोखीच्या आडून ही नोंदच काढून टाकायला सांगतो.

‘कपात नाही म्हणून हातात जास्त पडते’ हे पगाराच्या दिवसापुरते खरे आहे. मात्र कामगाराच्या वाट्याची कपात टळते तेव्हा मालकाने भरायचा वाटाही टळतो, आणि तो कामगाराच्या हातात येत नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी कामगाराच्या मजुरीतून 7.65 टक्के कापले जातात आणि तितकेच मालक स्वतःच्या खिशातून भरतो. तिथल्या निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे किमान 10 वर्षांच्या कमाईची नोंद लागते, आणि टेबलाखालून घेतलेली वर्षे त्यात धरली जात नाहीत. जर्मनीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे 1884 च्या कायद्याने सुरू झालेल्या अपघात विम्याची वर्गणी पूर्णपणे मालक भरतात, कामगाराच्या मजुरीतून त्यासाठी काहीच कापले जात नाही. म्हणजे नाव लपवल्याने या खात्यावर जे वाचते, ते सगळे मालकाचेच वाचते. शिवाय भरपगारी सुट्टी आणि जादा तासांचा वाढीव दर यांचे काय होते, हे त्या मजकुरात कुठेही लिहिलेले नाही.

‘इजा झाली तर ठेकेदार बघून घेतो’ या वाक्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ते सर्वात जास्त विश्वासाने बोलले जाते. आमच्या कामावर सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा साचा उभारणारा, एक कामगार परांचीवरून पडला. ठेकेदार माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने त्याला स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेले आणि पहिले बिलही भरले. मणक्याला मार होता. तीन महिन्यांनी ते काम संपले, ठेकेदार दुसरीकडे गेला आणि पुढचा खर्च थांबला. त्या कामगाराचा भाऊ माझ्याकडे हजेरीचा पुरावा मागायला आला, तेव्हा मी वही उघडली. त्याच्या मजुरीच्या रकमा मीच लिहिल्या होत्या, त्याही वाळूच्या खात्यावर. रोखीने गेलेला पैसा कुठेतरी दाखवावा लागतो, म्हणून आठवड्याची बिनकागदी मजुरी वाळू-खडीच्या खर्चात मिळवायची आमच्याकडे पद्धत होती. पाच महिने रोज कामावर आलेल्या माणसाचे नाव त्या वहीत एकाही पानावर नव्हते. मी जे सांगू शकत होतो ते सांगितले, पण ती नोंद माझ्या हातची होती, याची बोचणी अजून गेलेली नाही.

तो ठेकेदार चांगला होता की वाईट, यावर इथे काही ठरत नव्हते. उपचार महिनोन्‌महिने चालतात, पुढे काम जमेनासे होते, आणि एवढा भार एकट्या माणसाच्या चांगुलपणावर पेलत नाही. विमा असतो तो त्यासाठीच. बांधकामावर दरवर्षी जगभरात किमान 60,000 कामगार अपघातात दगावतात, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा जुना अंदाज आहे. बिनकागदी कामगाराचा भरपाईचा हक्क कायद्याने संपतोच असे नाही. जर्मनीत न नोंदलेल्या कामगारालाही अपघात विम्याचे संरक्षण मिळते आणि विमा संस्था तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. पण आपण तिथे कामाला होतो हे आधी दाखवावे लागते, आणि मुख्य ठेकेदार, त्याच्याखालचा ठेकेदार, त्याच्याखालचा मुकादम अशी उतरंड असली की प्रत्येक जण ‘हा माझा माणूस नव्हे’ असे सांगून मोकळा होतो.

पडझडीचा अपघात निदान दिसतो तरी. दगड, काँक्रीट किंवा फरशी कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जात राहते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बहुतेकदा दहा किंवा अधिक वर्षांनी उघड होतो. जुन्या इमारती पाडताना ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून गेले, तर त्यातून होणारा कर्करोग वीस ते पन्नास वर्षांनीही डोके वर काढू शकतो. डॉक्टर त्या वेळी विचारतात की तुम्ही कुठे, किती वर्षे, कोणत्या कामावर होता. भरपाई देणारी संस्थाही तेच विचारते. तोपर्यंत ठेकेदाराचा पत्ता राहत नाही, सोबतचे पांगलेले असतात, आणि विशी-तिशीत घेतलेल्या पाकिटांचा मागमूस उरत नाही. ‘आजचे आज बघू’ म्हणणाऱ्या तरुण मुलांनी याचा विचार करावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

‘हा धंदा शब्दावर चालतो’ हे मीही पुष्कळदा पाहिले आहे, आणि शब्द पाळणारे ठेकेदारही पाहिले आहेत. तंटा बहुधा शेवटच्या हिशेबाला होतो: उचल किती घेतली, खाडे किती झाले, स्लॅबच्या रात्री जादा थांबलो ते धरले की नाही. दोघांच्याही आठवणी प्रामाणिक असूनही वेगळ्या असू शकतात, आणि पैसे ज्याच्या हातात असतात त्याची आठवण टिकते. ज्या ठेकेदाराचे स्वतःचेच बिल वरून अडकले आहे, तो पहिल्यांदा थांबवतो ती बिनकागदी माणसाची मजुरी, कारण तिच्यासाठी त्याला कोणी जाब विचारणार नसते.

राहिली चौकशीची गोष्ट. बहुतेक देशांत उत्पन्न दाखवण्याची जबाबदारी कमावणाऱ्यावरही असते; बेकारी भत्ता घेत असताना लपवलेली मजुरी उघडकीस आली तर भत्ता परत भरावा लागतो, वर दंडही होऊ शकतो. परदेशात कामाला गेलेल्याचा तर राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. ठेकेदार एकटा अडकतो, हे म्हणणे निखालस चुकीचे आहे.

काही जणांपुढे दुसरा पर्यायच नसतो, हे मला ठाऊक आहे. घरी चूल पेटवायची असते आणि मिळेल ते काम घ्यावे लागते. अशांना दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. पण त्यांच्याही हातात काही गोष्टी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 साली एका कारखान्याच्या खटल्यात असे ठरवले की मालकाने नोंदी ठेवल्या नसतील, तर कामगाराने वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा दिला तरी पुरे, मग तो खोडून काढणे मालकावर येते. अनेक ठिकाणच्या तंट्यांत असा साधा पुरावा उपयोगी पडतो. म्हणून खिशात छोटी वही ठेवावी आणि रोज संध्याकाळी तारीख, कामाची जागा, आल्यागेल्याची वेळ, सांगितलेले काम, सोबत कोण होते, मिळालेले पैसे आणि उचल लिहावी. मुकादमाने उद्या कुठे यायचे ते संदेशातून कळवले असेल तर तो संदेश पुसू नये. कामाच्या फलकासमोर अधूनमधून फोटो काढावा. पैसे रोख घेतले तरी एका कागदावर रक्कम, तारीख आणि देणाऱ्याची सही मागावी. ठेकेदार नाही म्हणाला तर त्याने नाही म्हटल्याची तारीखही वहीत लिहून ठेवावी.