‘बँक सगळं व्याज पहिल्या दहा वर्षांतच काढून घेते’ : साफ खोटं

गेल्या रविवारी मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘होम लोनचं गुपित, जे बँका तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ त्यात लिहिलं होतं की बँक वीस वर्षांचं सगळं व्याज पहिल्या दहा वर्षांतच वसूल करते, नंतर राहतं ते नुसतं मुद्दल, म्हणून दहा वर्षांनी पार्ट पेमेंट करणं, म्हणजे हप्त्याशिवाय एकरकमी काही पैसे कर्जात भरणं, म्हणजे पैसे पाण्यात घालणं. वर मुदतीआधी फेडलं तर दंड. टॅक्स वाचवायचा तर मुदत जास्तीत जास्त घ्या. आणि हप्त्याच्या दहा टक्क्यांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) चालू करा, म्हणजे घर फुकटात पडतं.

एरवी मी असले मेसेज वाचत नाही. पण मामांच्या कर्जाला दहा वर्षं होत आली आहेत. त्यांची पाच लाखांची एफडी नुकतीच सुटली होती आणि ते पैसे कर्जात भरायचं ठरलं होतं. मेसेज वाचून त्यांनी तो बेतच रद्द केला. दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन : “ताई, होम लोन मंजूर झाल्याचं सँक्शन लेटर आलंय. वीसऐवजी तीस वर्षं करून घेऊ का?” आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलते. गृहकर्जावर व्याज आगाऊ घेतलं जात नाही. त्या महिन्यात जेवढं मुद्दल शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागतं. हप्त्यातून आधी ते व्याज वजा होतं आणि उरलेली रक्कम मुद्दलात जाते. ५० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के दर, २० वर्षं मुदत धरा. हप्ता येतो साधारण ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ३५,४१७ आणि मुद्दलात गेले फक्त ७,९७४. दुसऱ्या महिन्यात शिल्लक तेवढी कमी झाली, म्हणून व्याजही ५६ रुपयांनी कमी, ३५,३६१ च्या आसपास. असं दर महिन्याला थोडं थोडं उतरत जातं. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं कारण सुरुवातीला देणं जास्त असतं. यात गुपित कसलं?

आता दहा वर्षांनंतर काय होतं ते बघा. १२० हप्ते भरून झाले, ५२ लाखांच्या वर पैसे गेले, आणि शिल्लक मुद्दल अजून जवळजवळ ३५ लाख. पुढच्याच हप्त्यात व्याज आहे २४,८०० च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त. उरलेल्या दहा वर्षांत आणखी १७ लाख व्याज भरायचं आहे. सगळं व्याज आधीच वसूल झालं असतं, तर हे १७ लाख कशाचे?

मामांना आकडेमोड सांगून पटेना, म्हणून त्यांच्याच कर्जाचं स्टेटमेंट उघडायला लावलं. चष्मा लावून व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवून ते खाली खाली येत गेले. शेवटच्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, “अगं, हे तर अजून चालूच आहे.” चालूच असणार. शेवटच्या हप्त्यापर्यंत चालू असतं.

वरच्याच उदाहरणात दहा वर्षांनी पाच लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज जवळजवळ दोन वर्षं आधी संपतं आणि साडेपाच लाखांच्या वर व्याज वाचतं. हे पाण्यात घातलेले पैसे?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. तेच पाच लाख पहिल्या वर्षाच्या शेवटी भरले असते, तर चार वर्षांचे हप्ते वाचले असते. लवकर भरण्यात फायदा जास्त, एवढं त्या मेसेजमागे खरं आहे. पण ‘लवकर भरलेलं चांगलं’ आणि ‘उशिरा भरणं व्यर्थ’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

दंडाचं म्हणाल, तर बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ सालीच बंदी केली आहे. ठरावीक दराचं कर्ज असेल तर करार वाचा, तिथे शुल्क असू शकतं.

आता बहिणीचा प्रश्न. तेच ५० लाख, तोच दर, मुदत ३० वर्षं केली तर हप्ता जेमतेम ४,९४५ रुपयांनी उतरतो. एकूण व्याज मात्र ५४ लाखांवरून ८८ लाखांवर जातं. ३४ लाख जास्त! आणि टॅक्स किती वाचतो? स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट वर्षाला जास्तीत जास्त २ लाखांची, तीही जुन्या करप्रणालीत. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून ६२,४०० रुपये वाचतात, त्याहून जास्त नाही. बहिणीने नवीन करप्रणाली घेतली आहे, तिथे हेही मिळत नाही. हप्ता पगारात बसतच नसेल तर मुदत वाढवावी लागते, ती गोष्ट वेगळी. टॅक्ससाठी वाढवू नका.

एसआयपी जरूर करा. पण ‘घर फुकट’ हा हिशेब वीस वर्षं ठरलेला परतावा मिळेलच असं धरून केलेला असतो, आणि तशी हमी कुणीच देत नाही.

बँकांवर राग काढायचाच असेल तर खरी जागा दुसरी आहे. दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत गुपचूप वाढवायची, हे सर्रास चालायचं. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने यावर स्पष्ट लिहिलं आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यायची. मुदतीत कधीही काही भाग किंवा पूर्ण कर्ज फेडता आलं पाहिजे. आणि दर तिमाहीला आजवर वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं स्टेटमेंट द्यायचं. बहिणीला मी हेच विचारायला पाठवलं आहे : दर अर्ध्या टक्क्याने वाढला तर माझा हप्ता किती होईल आणि मुदत किती होईल, हे सहीआधी लेखी द्या.

मामांनी बुधवारी पाच लाख भरले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? मामांनी अर्जावर ‘मुदत’ला गोल केला आणि नवं शेड्यूल छापून मागितलं.