"वजन उतरलं तर चांगलंच की" म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, कमेंट वाचली. (रिटायर झालोय असं तुम्हीच लिहिलंत म्हणून काका म्हणते.) हिपॅटायटिस सी (लिव्हरला होणारा विषाणूचा आजार) यावरच्या जुन्या इंटरफेरॉन इंजेक्शनांनी आमच्या ह्यांची भूक कशी मेली ते मी पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता, "हे रडगाणं वाचून पेशंट औषध सोडतील, आणि थोडं वजन उतरलं तर लिव्हरला चांगलंच की." मुद्दा जरूर मांडा हो, पण ज्या घरात हे घडलंय त्या घराला असं हिणवायचं कारण काय? समोर बसून बोलला असतात का असं?

एक मान्य. २०१५ पासून आपल्याकडे याच आजारावरच्या सोफोसबुविर या नव्या औषधाच्या जेनेरिक (स्वस्त) गोळ्या आल्या, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांत आटपतो, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या फुकट आहेत आणि इंटरफेरॉनसारखा त्रासही नसतो. पोस्टच्या वरच तसं ठळक लिहिते.

पण "चांगलंच की"? फॅटी लिव्हरवाल्याने चालून-फिरून हळूहळू वजन उतरवणं वेगळं, ते डॉक्टरच सांगतात. इथे माणूस जेवतच नाही, वरून ताप, मग चरबीबरोबर दंड-मांड्याही झिजतात. ह्यांच्या विषाणूचा प्रकार जीनोटाइप १, म्हणजे इंजेक्शनांचा कोर्स ४८ आठवडे. शुक्रवारी रात्री पोटावर इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे शनिवार-रविवार हुडहुडीत गेला तरी सोमवारी ऑफिस गाठता येईल. जोडीला रोज रिबाविरिनच्या गोळ्या, त्याने तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन उतरतं, एक जिना चढला की धाप. चहा लोखंडासारखा लागतो म्हणायचे. फोडणीचा वास सहन होईना म्हणून भाजी मी शेजारच्या वहिनींच्या गॅसवर करून आणायची, आणि गार दहीभात पुढे ठेवला तरी दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, कारण इंटरफेरॉनने मनही खचतं, डिप्रेशन येतं, हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असायचं. यात चांगलं काय दिसलं तुम्हाला, सांगाच. रिबाविरिनचा डोससुद्धा वजनावर ठरायचा, ७५ किलोच्या आत एक आणि वर एक, डॉक्टर दर वेळी काट्यावर उभं करायचे ते काय उगाच?

आणि औषध सोडतील म्हणे! आम्हाला आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून भूक गेल्यावर ह्यांना वाटलं आजारच वाढला, आणि इंजेक्शन बंद करा म्हणून हट्ट धरून बसले. कोर्स संपला की भूक परत येते, एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर घरातली ती भांडणं झाली नसती. म्हणून लिहिते मी.

तुमच्या कमेंटमधला भुईआवळा, उसाचा रस आणि "तुम्ही डॉक्टर आहात का" हा प्रश्न, यावर मला बोलायचं नाही.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंत की पुतण्या नव्या गोळ्या घेतोय आणि त्याचंही वजन बरंच उतरलंय. काका, त्या गोळ्यांनी सहसा असं होत नाही. त्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, शुगर, थायरॉइड, टीबी, लिव्हरची सोनोग्राफी, काय लागेल ते बघू दे त्यांना. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.