"आर्मीवाल्या मित्राकडून डिस्नीची सहा तिकिटं काढून घ्या" हा मेसेज पुढे ढकलायच्या आधी हे वाचा

शाळांना सुट्ट्या लागायची वेळ आली की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडाफार बदलतो पण सार असं: "समरमध्ये आईबाबा येतायत? डिस्नीला फुल पैसे देऊ नका. ओळखीत कोणी मिलिटरीतला असेल, आजी माजी कोणीही, इंडियन आर्मीचं कार्ड असलं तरी चालतं, तर त्याला वर्षाला सहा तिकिटं स्वस्तात मिळतात. त्याच्या कार्डाचा फोटो मागवा, तिकिटं काढून घ्या, तो सोबत यायची गरज नाही, तिकिटावर नाव नसतं. उरलेले दिवस विकून टाका. सगळ्या पार्कांत चालतं. त्याच्या खिशातून काही जात नाही, पैसे सरकार भरतं."

माझा नवरा यूएस आर्मीत आहे. २००९ साली मॅव्हनी नावाची योजना सुरू झाली होती, तिच्यातून इथे व्हिसावर शिकायला आलेली बरीच भारतीय मुलं आर्मीत गेली, २०१६ मध्ये ती भरती थांबली, तर तो त्यातलाच. त्यामुळे हा मेसेज फिरला की पुढचे आठ-दहा दिवस फोन मला येतात, "वहिनी, दादांना जरा विचारा ना, आमच्यासाठी पण काढतील का". विचारणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांनी मेसेज वाचला, खरा वाटला, विचारलं. राग आहे तो मेसेजचा, कारण त्यात एक गोष्ट खरी आहे आणि तिच्या आधारावर बाकी सगळं चुकीचं खपवलंय.

खरी गोष्ट आधी सांगते. सहा तिकिटं हा आकडा बरोबर आहे आणि ती फक्त बायकामुलांसाठीच असतात असंही नाही, मित्रांना नेता येतं, सासूसासऱ्यांना नेता येतं. ही सवलत डिस्नीने २००९ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणली तेव्हा फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डला सैनिकाला स्वतःला पाच दिवसांचं तिकीट फुकट होतं आणि वर घरच्या किंवा मित्रमंडळींसाठी अजून पाच तिकिटं प्रत्येकी ९९ डॉलरला घेता येत होती. म्हणजे "मित्र" हा शब्द पहिल्या दिवसापासून नियमातच होता, कोणी शोधून काढलेली पळवाट नाही ती. आता फुकटचं राहिलं नाही, दरवर्षी नवीन दर आणि नवीन अटी येतात, पण सैनिकाने आपल्या माणसांना सोबत घेऊन यावं हा हेतू तोच आहे.

आणि मेसेजने नेमकं तेच "सोबत" काढून टाकलंय. "तो सोबत यायची गरज नाही" हे साफ खोटं आहे. सहापैकी एक तिकीट त्या सैनिकाने स्वतः किंवा त्याच्या जोडीदाराने वापरायचं असतं, अटच आहे ती. तिकीट बेसवरच्या, म्हणजे लष्करी तळावरच्या ऑफिसातून, ज्याला सगळे आयटीटी म्हणतात, तिथून आणलं तरी ते घेऊन थेट गेटमधून आत जाता येत नाही, पार्कच्या तिकीट खिडकीवर मिलिटरी ओळखपत्र दाखवून ते ॲक्टिव्हेट करून घ्यावं लागतं. हे काम सैनिक करू शकतो किंवा त्याच्या जागी बायको (नाहीतर नवरा, बाई आर्मीत असेल तर). मुलं करू शकत नाहीत, हे अगदी मिलिटरी कुटुंबांतही खूप जणांना माहीत नसतं. वीस वर्षांचा मुलगा डिपेंडंटचं, म्हणजे सैनिकाच्या कुटुंबीयाचं कार्ड घेऊन कॉलेजच्या चार मित्रांसोबत ऑर्लँडोला पोचतो आणि खिडकीवर "आई किंवा बाबा कुठेयत" असं विचारलं जातं, पुढे काही होत नाही. आणि सहा म्हणजे नवराबायको मिळून सहा, दोघांची वेगवेगळी सहा नाहीत, म्हणजे आम्हाला दोन मुलं आहेत तर आमची चार गेली की वर्षभरासाठी दोनच उरतात. कोणाला द्यायची ती दोन? माझ्या आईबाबांना का त्याच्या? हा हिशोब आमच्या घरात दरवर्षी होतो आणि तेवढ्यात ओळखीच्या ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतो की आम्ही सहा जण आहोत.

काही जण यावरही तोडगा सुचवतात, दादांनी फक्त गेटपर्यंत यावं, ॲक्टिव्हेट करून द्यावं आणि घरी जावं. अहो पण एक तिकीट त्याने वापरायचंय, नुसतं कार्ड दाखवायला यायचं नाहीये. एकदा सगळे आत गेले की दिवसभर एकमेकांचा हात धरून फिरा असं कोणी म्हणत नाही, तुम्ही एका पार्कात तो दुसऱ्या पार्कात असं झालं तरी काही बिघडत नाही, पण तो त्या ट्रिपचा भाग असला पाहिजे.

"आजी माजी कोणीही." हे चूक आहे आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. डिस्नीच्या या तिकिटासाठी सैनिक ॲक्टिव्ह ड्युटीवर हवा, किंवा नॅशनल गार्डमध्ये, रिझर्व्हमध्ये (ही बहुतेक अर्धवेळ सैनिकांची दलं), किंवा रिटायर्ड. रिटायर्ड म्हणजे इथे साधारण वीस वर्षं सेवा करून पेन्शनवर गेलेला, किंवा मेडिकल कारणाने रिटायर केलेला. चार वर्षं करून बाहेर पडलेला मुलगा व्हेटरन, म्हणजे माजी सैनिक असतो पण रिटायर्ड नसतो, आणि नुसत्या व्हेटरनला हे तिकीट नाही. अपवाद सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आलेल्यांचा, त्यांच्या कार्डावर डीएव्हीपीआरएम असा कोड असतो आणि तो बघितला जातो. गोंधळ वाढला १ जानेवारी २०२० नंतर, कारण त्या दिवसापासून एका नवीन कायद्यामुळे सेवेत थोडंफार अपंगत्व आलेल्या सगळ्याच व्हेटरन्सना, पर्पल हार्ट (युद्धात जखमी झालेल्यांचं पदक) मिळालेल्यांना, युद्धकैदी राहिलेल्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना बेसवरची दुकानं आणि सोयी खुल्या झाल्या. चांगलंच झालं ते. पण बेसच्या दुकानात प्रवेश मिळाला म्हणजे डिस्नीच्या तिकिटाला पात्र झाला असं नाही, दुकान सरकारचं आहे आणि तिकीट कंपनीचं.

भारतीय सैन्याच्या कार्डाचं तर वाचून वाईट वाटलं. एक निवृत्त सुभेदार काका, साताऱ्याकडचे, मुलाकडे आले होते, त्यांना कोणीतरी हा मेसेज दाखवून सांगितलं की तुमचं माजी सैनिकाचं कार्ड सोबत ठेवा, स्वस्तात जाता येईल. ते खिडकीवर सगळ्या कुटुंबासमोर कार्ड पुढे करून उभे राहिले असते आणि नाही म्हणून सांगितलं गेलं असतं. आम्ही आधीच सांगितलं म्हणून टळलं. ही सवलत अमेरिकन सैन्याची आहे. अमेरिकन तळावर पोस्टिंगला आलेल्या परदेशी अधिकाऱ्यांना तिथलं कार्ड मिळतं, ते प्रकरण वेगळं, भारतातून येताना आणलेल्या कार्डाचा इथे उपयोग नाही. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला असं काउंटरवर उभं करू नका.

आता कार्डाच्या फोटोबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा भाग नुसता चुकीचा नाही तर धोक्याचा आहे. मिलिटरी ओळखपत्राचा असाच फोटो काढणं, झेरॉक्स करणं, इकडे तिकडे पाठवणं याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच मनाई आहे, टायटल १८ मधलं कलम ७०१. सरकारी कामासाठी, दवाखान्याच्या इन्शुरन्ससाठी वगैरे कॉपी घेतात ती गोष्ट वेगळी. पण व्हॉट्सॲपवर "दादा कार्डाचा फोटो टाका ना" म्हणणं म्हणजे त्याला सरळसरळ नियम मोडायला सांगणं आहे, आणि त्याच कार्डावर तो बेसमध्ये ये-जा करतो, त्याची सगळी ओळख त्यावर आहे. असा फोटो तीन ग्रुप फिरून कुठे जाईल तुम्हाला माहीत नाही, त्यालाही नाही. पार्क स्वतः असा फोटो स्वीकारतही नाही, खरं कार्ड हातात आणि खरा माणूस समोर लागतो. ऑनलाइन ज्या सवलती आहेत तिथे आयडी डॉट मी सारख्या सर्व्हिसवर सैनिक स्वतःच्या अकाउंटमधून व्हेरिफाय करतो, त्यालाही तुमच्याकडे फोटो असायची गरज पडत नाही.

"तिकिटावर नाव नसतं, उरलेले दिवस विकून टाका." पहिली गोष्ट, ही तिकिटं एकापेक्षा जास्त दिवसांची असतात आणि नॉन-ट्रान्सफरेबल असतात, म्हणजे एकाने वापरलेलं दुसऱ्याला देता येत नाही. नाव छापलेलं असो वा नसो, पहिल्यांदा आत गेलात की ते तुमच्याशी जोडलं जातं, कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडला गेटवर फोटो काढून, फ्लोरिडाला वर्षानुवर्षं बोट स्कॅन करून. दुसरी गोष्ट, फ्लोरिडात अर्धवट वापरलेलं अनेक दिवसांचं तिकीट विकणं हा कायद्याने गुन्हा आहे, कंपनीच्या अटीपुरतं नाहीये ते. डिस्नी वर्ल्डजवळच्या किसिमीला १९२ नंबरच्या रस्त्यावर "डिस्काउंट तिकीट" लिहिलेली टपरीवजा दुकानं दिसतात, त्यातली काही टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकायच्या प्रेझेंटेशनला बसवतात आणि काहींकडे उरलेली तिकिटं मिळतात असं ऐकून लोक जातात, आईबाबांना घेऊन गेटवर पोचल्यावर तिकीट चालत नाही तेव्हा पैसेही गेलेले असतात आणि दिवसही.

"सगळ्या पार्कांत चालतं" हेही नाही. सीवर्ल्ड आणि बुश गार्डन्सची वेव्ह्ज ऑफ ऑनर म्हणून वेगळी योजना आहे, ॲक्टिव्ह ड्युटीवरच्या सैनिकाला आणि जास्तीत जास्त तीन डिपेंडंट्सना वर्षातून एकदा फुकट प्रवेश. डिपेंडंट म्हणजे लष्कराच्या नोंदीत असलेले, मित्र नाही. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडीलही आपोआप डिपेंडंट होत नाहीत, त्यासाठी त्यांचा निम्म्यापेक्षा जास्त खर्च सैनिक करतो हे सिद्ध करून वेगळी मंजुरी लागते. म्हणजे तेच आईबाबा डिस्नीला सहामध्ये बसतात आणि सीवर्ल्डला बसत नाहीत. म्हणून प्रत्येक पार्कची अट वेगळी वाचायला लागते, एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावू नका.

राहिला प्रश्न त्याचं काय जातं याचा. पैसे सरकार भरत नाही, ही सवलत कंपनी देते, आणि ती विकायची जबाबदारी बेसच्या ऑफिसाची असते, त्यामुळे गैरवापर वाढला तर कंपनी अटी कडक करते आणि फटका बसतो तो खरंच कमी पगारावर असलेल्या पोरांना. ही सवलत त्यांना किती लागते हे बघायचं असेल तर शेड्स ऑफ ग्रीन बघा, डिस्नी वर्ल्डच्या आवारातच सैनिकांसाठी १९९४ पासून चालू असलेलं हॉटेल, तिथे खोलीचं भाडं रँकप्रमाणे असतं, खालच्या रँकला कमी. एक साधा प्रायव्हेट, म्हणजे सगळ्यात खालच्या रँकचा शिपाई, दोन लहान मुलं, नऊ महिने घराबाहेर राहून आलेला, तो वर्षातून एकदा मुलांना मिकी दाखवायला नेऊ शकतो तो याच्यामुळे. आणि कार्डाच्या सवलतींचा धंद्यासाठी वापर केल्याचं उघडकीला आलं तर सवलती बंद होऊ शकतात, वर लेखी नियम मोडला म्हणून लष्करी कायद्याच्या आर्टिकल ९२ खाली चौकशी लागू शकते, काय करायचं ते कमांडर ठरवतो. आपल्याकडे कँटीनचं कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलं तर फौजीचीच अडचण होते हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही घरात माहीत असतं, इथेही तसंच आहे. मागणारा घरी जातो, सही आणि कार्ड त्याचं असतं.

त्यात आपल्या लोकांत नाही म्हणणं अवघड. गणपतीला, दिवाळीला त्याच माणसांना भेटायचं असतं. माझा नवरा परेडच्या मैदानावर कोणालाही तोंडावर नाही म्हणेल पण घरी जेवायला आलेल्या काकूंना त्याला नाही म्हणवत नाही, मग तो विषय टाळतो, फोन उचलत नाही, आणि लोकांना वाटतं भाव खातोय. हे सगळं एका फॉरवर्डमुळे होतं.

तर विचारायचंच असेल तर असं विचारा: "आम्ही अमुक तारखांना जायचं म्हणतोय, तुम्ही येणार असाल तर एकत्र जाऊ का?" तो हो म्हणाला तर त्या वर्षाच्या अटी आयटीटीमधून त्यालाच बघू द्या, ख्रिसमस आणि ईस्टरच्या आसपासच्या ब्लॉकआउट तारखा आधी तपासा, कारण त्या दिवसांत ही तिकिटं चालत नाहीत आणि नेमकं तेव्हाच आपल्या सगळ्यांना सुट्टी असते. तुम्हाला एकच दिवस जायचं असेल तर हे तिकीट तुमच्या कामाचं नाही. तो येणार नसेल तर कंपनीच्या साइटवरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून नेहमीचं तिकीट घ्या. आणि तीन वर्षांखालच्या बाळाला डिस्नीत तिकीट लागत नाही, तेव्हा सहाची यादी करताना त्याला धरू नका, ते एक तिकीट आजीला देता येईल.